कामाचा सदरा : माप, रंग आणि नाव

मे महिना संपत आला की महाराष्ट्रातल्या शहरांत पावसाळ्यापूर्वीची झाडछाटणी सुरू होते. रस्त्याच्या कडेला टेम्पो, खाली दोर धरून उभे असलेले दोघे आणि वर गुलमोहराच्या फांदीवर पाय रोवून बसलेला एक माणूस. या माणसांच्या अंगावर काय असते, हे आपण सहसा पाहत नाही. बहुतेकांच्या अंगात मागच्या निवडणुकीत फुकट वाटलेला टी-शर्ट असतो. पाठीवर एखाद्या उमेदवाराचा हसरा चेहरा, खाली पक्षाचे चिन्ह. कुणी नुसत्या बनियनवर असतो. पायात स्लीपर.

अलीकडे या कामात काही तरुण स्वतःचा छोटा धंदा म्हणून उतरत आहेत. शहरातले झाड आता मनाला येईल तसे तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तोडणीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे कोणती फांदी कुठून कापायची, झाड कसे जगवायचे हे जाणणाऱ्या माणसांना सोसायट्यांकडून बोलावणे येते. चार-पाच जणांचा असा गट जरा स्थिरावला की एक दिवस ठरते, सगळ्यांना एकसारखे शर्ट शिवून घेऊ. मग दुकानदार तीन प्रश्न विचारतो. माप काय? रंग कोणता? नाव काय टाकायचे?

दुकानदाराला तीन मिनिटांत उत्तर हवे असते. पण या तीन प्रश्नांमागे काही शतकांचा इतिहास आहे. कष्टकऱ्याच्या अंगावरचा कपडा त्याच्या शरीरासाठी शिवायचा की त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी, हा त्या इतिहासातला मुख्य झगडा आहे.

साक्ष देणारी कमीज

‘कमीज’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. युरोपातही याच कुळातले शब्द आहेत; उत्तरकालीन लॅटिनमधला ‘कामिसिया’ हा त्यांचा जुना नातेवाईक. खिसा, अस्तर, दर्जी, पायजमा हे शिवणकामातले आपले नेहमीचे शब्दही फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले.

मुस्लिम वाचकांना कमीज म्हटले की सूरह यूसुफ आठवेल. त्या कथेत कमीज तीनदा येते. भावांनी खोटे रक्त लावून बापापुढे आणलेली कमीज, मागून फाटलेली आणि म्हणून यूसुफ यांचे निर्दोषत्व सिद्ध करणारी कमीज आणि आंधळ्या झालेल्या याकूब यांच्या चेहऱ्यावर टाकताच दृष्टी परत आणणारी कमीज. तिन्ही वेळा माणूस नाही, कपडा बोलतो. एकदा त्याच्याकडून खोटे बोलवून घेतले जाते, एकदा तो खरे बोलतो. कामाच्या सदऱ्याचेही असेच आहे. तो घालणाऱ्याबद्दल काहीतरी सांगत असतो. प्रश्न एवढाच की त्याच्याकडून काय बोलवून घ्यायचे, हे ठरवतो कोण.

माप : रेनोचा दर्जी आणि लाकूडतोड्या

झाडावर काम करणाऱ्या माणसासाठी खास शिवलेल्या कपड्याची सर्वात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. १८७० च्या डिसेंबरचा सुमार. नेवाडा प्रांतातल्या रेनो या छोट्या गावात जेकब डेव्हिस नावाचा दर्जी होता. रीगा शहरातून आलेला ज्यू स्थलांतरित. तंबू, घोड्यांच्या झुली, गाडीवरची ताडपत्री असले जाड काम तो करी. एक बाई त्याच्याकडे आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता, अंगाने मोठा, तयार कपडे त्याला बसत नसत आणि बसले तरी टिकत नसत. विजार फाटणार नाही अशी शिवून दे, असे म्हणून तिने तीन डॉलर आगाऊ दिले.

डेव्हिसने पांढरे जाड डक कापड घेतले. विजार फाटते कुठे, याचा त्याने विचार केला. ती मांडीवर फाटत नाही, खिशाच्या कोपऱ्यावर उसवते, कारण माणूस खिशात अवजार कोंबतो आणि वाकतो. घोड्याच्या झुलींना पट्टे बसवण्यासाठी वापरायचे तांब्याचे रिव्हेट त्याच्यापाशी पडले होते. ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. विजार टिकली, गवगवा झाला आणि मागणी वाढली. पेटंटसाठी हाती पैसे नव्हते, म्हणून त्याने कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला भागीदारीसाठी पत्र लिहिले. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट निघाले. आज जगभर जी जीन्स घातली जाते, तिचे मूळ एका लाकूडतोड्याच्या उसवलेल्या खिशात आहे.

या गोष्टीतून घेण्यासारखे आहे ते असे की डेव्हिसने सुरुवात कपडा कसा दिसावा इथून केली नाही, तो कुठे फाटतो इथून केली. झाडावर चढणाऱ्यासाठी शर्ट निवडताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. शर्ट काखेत उसवतो, कारण चढणाऱ्याचे हात सतत डोक्याच्या वर असतात. हात वर गेला की आखूड शर्ट कमरेच्या वर येतो आणि पट्ट्याचा काच थेट कातडीला बसतो. बाही अर्धी असेल तर खरखरीत सालीने कोपर सोलते, आंब्याचा चीक लागून कातडी भाजते, लाल मुंग्या आणि सुरवंट वेगळेच. बाही पूर्ण असून मनगटाशी सैल असेल तर ती फांद्या गिळणाऱ्या यंत्रात ओढली जाऊ शकते, आणि त्यात हात जातो. छातीवरचा उघडा खिसा दोन मिनिटांत भुशाने भरतो.

काखेवरचा इलाज आपल्या जुन्या दर्जींना ठाऊक होता. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याला काखेत कापडाचा छोटा चौकोनी तुकडा जोडत. त्याला चौबगला म्हणतात. त्यामुळे हात पूर्ण वर गेला तरी कपडा ओढला जात नाही आणि उसवतही नाही. नमाजीसाठी, नांगऱ्यासाठी, पोहरा ओढणाऱ्यासाठी सोयीचा असलेला हा तुकडा तयार शर्टांच्या कारखान्यात वेळ वाचवण्यासाठी गळाला. मापाचे शर्ट शिवून घेणाऱ्याने दर्जीकडे तो हक्काने मागावा.

कापड : डोंगरीपासून मालेगावपर्यंत

कामाच्या कपड्याला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द कुठून आला? मुंबईच्या गोदीलगत डोंगरी नावाची वस्ती आहे, आज आपण तिला मुस्लिम मोहल्ला म्हणून ओळखतो. या भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला ‘डुंगरी’ म्हणत आणि त्यावरूनच तो शब्द पडला, असे साधारणपणे मानले जाते. सतराव्या शतकापासून तो इंग्रजांच्या लिखाणात दिसतो. हे कापड शिडांना, तंबूंना आणि खलाशांच्या कपड्यांना वापरत. पुढे ते जगभरच्या कामगारांच्या अंगावर गेले. नाव राहिले, पण ज्या वस्तीवरून ते पडले तिची आठवण उरली नाही.

याच गोदीत घडणारा ‘दीवार’ हा १९७५ चा चित्रपट आपल्याला माहीत आहे. गोदी कामगार विजयचा निळा शर्ट, कमरेशी मारलेली गाठ, खांद्यावर दोर. ती गाठ पुढे फॅशन झाली. अमिताभ बच्चन यांनी स्वतः सांगितले आहे की शूटिंगच्या पहिल्या दिवशी शर्ट गुडघ्याच्याही खाली जाईल इतका लांब शिवून आला होता आणि बदलायला वेळ नव्हता, म्हणून गाठ मारली. पडद्यावर चुकलेले माप खपून गेले. तीस फूट उंच फांदीवर ते खपत नाही.

कापड विणणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मोठ्या संख्येने दक्षिणेकडे आले. मालेगाव आणि भिवंडी ही त्यांची ठिकाणे. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, तरी माग चालवणारे हात बरेचसे त्यांचेच राहिले. कापूस पिंजणारा पिंजारी, विणणारा मोमीन, रंगवणारा रंगरेज, शिवणारा दर्जी आणि झाडे राखणारा बागवान. या सगळ्या मुसलमानांतल्या कारागीर बिरादऱ्या आहेत. मुसलमानांचा इतिहास सांगताना आपण बादशहा आणि किल्ले यांच्यापाशी थांबतो. तो इतिहास एका साध्या सदऱ्यातही आहे आणि त्यात तलवार कुठेच नाही.

आज निवड सुती, पॉलिएस्टर आणि दोन्हींच्या मिश्रणात असते. पॉलिएस्टर धाग्याचा ‘टेरिलीन’ हा अवतार १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधला गेला. कापसात मिसळून त्याचे ‘टेरिकॉट’ झाले आणि आपल्याकडे एका पिढीने तेच कौतुकाने वापरले. निव्वळ सुती कापड घाम शोषते, पण ओले होऊन जड बसते. निव्वळ पॉलिएस्टर लवकर वाळते, पण करवतीच्या तापलेल्या इंजिनाला लागले तर वितळून कातडीला चिकटते. म्हणून सुताचा भाग जास्त असलेले मिश्र कापड या कामाला बरे.

रंग : खाकी, पांढरा आणि नारिंगी

दुकानदार पहिला रंग दाखवतो तो बहुधा खाकी. मळखाऊ, स्वस्त. ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि तिला मातीत मिसळून जाणारा गणवेश दिला. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे चहा, शाई, जे मिळेल त्यात बुडवून मळकट केले, कारण पांढरा कपडा नेमका नेम धरायला सोयीचा. ज्या वर्षाच्या उलथापालथीने विणकरांना घरदार सोडावे लागले, त्याच वर्षाने सैन्याला खाकीची गोडी लावली. शतक संपता संपता ब्रिटिश फौजेने समुद्रापारच्या सगळ्या मोहिमांसाठी खाकी स्वीकारली. आपल्याकडे ती पोलिसांपासून एसटीच्या चालक-वाहकांपर्यंत पोहोचली.

खाकीचा मूळ हेतू दिसू नये हा आहे. झाडावरच्या माणसाची गरज अगदी उलटी आहे. तो खालच्याला, क्रेन चालवणाऱ्याला, रस्त्यावरच्या गाडीवाल्याला दिसलाच पाहिजे. खोडाच्या रंगाचा शर्ट घालून फांदीवर बसणे म्हणजे स्वतःला लपवणे.

रंगाने माणूस दाखवण्याचा इतिहास मात्र सगळाच चांगला नाही. इसवी सन ८५० मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किल याने मुस्लिमेतर प्रजेने मधाच्या रंगाची वस्त्रे घालावीत असे फर्मान काढले. ती ओळख सुरक्षेसाठी नव्हती, दर्जा कमी आहे हे दाखवण्यासाठी होती. आपल्या इतिहासातले हे पान आपणच वाचले पाहिजे. मध्ययुगीन युरोपात ज्यूंवर अशीच सक्ती झाली. आपल्या मुंबईतही कपड्याचा रंग मालकी सांगत आला आहे. रिक्षाचा परवाना स्वतःच्या नावावर असलेला चालक पांढऱ्या कपड्यात आणि दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारा खाकीत, असा नियम वर्षानुवर्षे चालला. दोघे तोच रस्ता तुडवतात, तोच धूर खातात. पण मालक कोण आणि नोकर कोण, हे प्रवाशाला बसण्याआधीच कळते.

कामगाराचा जीव वाचवण्यासाठी रंग निवडला गेला तो फार उशिरा. १९३० च्या दशकात अमेरिकेत बॉब आणि जो स्विट्झर या भावांनी दिवसाउजेडी चमकणाऱ्या रंगांवर काम सुरू केले. हे रंग सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतात, म्हणून आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा जास्त उजळ दिसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ते खुणांसाठी वापरले. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत रेल्वेमार्गावर काम करणाऱ्यांना चमकदार नारिंगी जाकिटे देऊन पाहिली गेली. तिथे विजेच्या गाड्या आल्या होत्या, त्या वेगवान होत्या, आणि रुळावरचा माणूस चालकाला वेळेत दिसणे गरजेचे होते. तिथून हा रंग रस्त्यांवर, बंदरांवर, बांधकामांवर गेला.

झाडाच्या कामाला यातून सरळ उत्तर मिळते. चमकदार पोपटी रंग रस्त्यावर उठून दिसतो, पण पानांत हरवतो. नारिंगी हरवत नाही. दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाही. साधा भगवा किंवा नारिंगी म्हणजे चमकदार नारिंगी नव्हे. कापड ‘फ्लोरोसंट’ आहे का, हे विचारून घ्यावे लागते. आणि हा रंग उन्हाने, धुण्याने उडतो. उडालेला शर्ट कामावरून काढून टाकावा लागतो, खर्च वाटला तरी. संध्याकाळनंतर हा रंग चमकत नाही, त्यासाठी दिव्याचा प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या लागतात.

नाव : तिराज, चपरास आणि बिल्ला

राहिला तिसरा प्रश्न. शर्टावर नाव काय टाकायचे?

कपड्यावर नाव भरण्याची परंपरा मुस्लिम जगात फार जुनी आहे. तिला ‘तिराज’ म्हणत. अब्बासी आणि फातिमी काळात सरकारी कारखान्यांत रेशमी, तागाच्या कापडावर अक्षरांची पट्टी विणली किंवा भरली जाई. त्यात खलिफाचे नाव, बरेचदा वजिराचे, कारखान्याचे, वर्षाचेही. इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’त तिराजवर वेगळे प्रकरण लिहिले आहे आणि त्याला राजसत्तेच्या चिन्हांत गणले आहे. असा पोशाख दरबारातून मिळणे मोठा मान. हे तुकडे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांवर खलिफा सापडतो, विणकर सहसा सापडत नाही.

आपल्याकडे या परंपरेचे गरीब रूप झाले ‘चपरास’. चपरास म्हणजे पट्ट्यावर लावायचा कोरीव पितळी बिल्ला. त्यावर साहेबाचे किंवा कचेरीचे नाव. तो लावणारा तो चपराशी. मराठीत तर आपण माणसाला सरळ ‘पट्टेवाला’ म्हणालो. त्याचे स्वतःचे नाव पट्ट्यामागे गेले. रेल्वे हमालाचा लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला हेही तसेच, फरक एवढाच की तिथे नावाच्या जागी आकडा आला.

‘दीवार’मधल्या विजयचा बिल्ला ७८६ नंबरचा आहे आणि या आकड्याचे मोल त्याला रहीम चाचा समजावून सांगतात. १९८३ च्या ‘कुली’त इक्बालच्या दंडावरही तोच आकडा. प्रेक्षकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. याचे एक कारण श्रद्धा हे आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कामगाराला दिलेला कोरडा आकडा त्याने आपलासा करून घेतला, मालकाच्या हिशेबाच्या वहीतून काढून स्वतःच्या जगण्यात ठेवला.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या गॅरेज आणि पेट्रोल पंपांवर वेगळी पद्धत रुळली. शर्टाच्या पाठीवर धंद्याचे नाव आणि छातीवर लंबगोल पट्टीत त्या कामगाराचे नाव, धाग्याने भरलेले. गिऱ्हाईक ‘ए’ म्हणून हाक मारत नाही, नावाने बोलते. आपल्याकडे छोट्या धंद्याचा मालक शर्ट करतो तेव्हा पाठीवर स्वतःचे नाव आणि मोबाईल नंबर मोठा छापतो. तोही हवाच, त्याशिवाय पुढचे काम कसे मिळणार? पण छाती कामगाराची आहे. तिथे त्याचे नाव असावे, मराठीत किंवा त्याला हवे त्या लिपीत.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. छातीवर सलीम किंवा जावेद लिहिलेला माणूस सोसायटीच्या फाटकावर आला तर त्याला काही ठिकाणी जास्त प्रश्न विचारले जातील. म्हणून मुसलमान तरुण असे नाव लावायला कचरतात, मालक ‘नको, फक्त कंपनीचे नाव टाक’ म्हणतो. ही भीती खोटी नाही. पण नाव लपवून आलेला माणूस काम चांगले करून गेला, तर श्रेय कंपनीला मिळते आणि शंका नावाला चिकटून राहते. निदान निर्णय त्या कामगाराला विचारून घ्यावा. कुणाला आडनाव नको असेल, कुणाला घरचे नाव हवे असेल. ते ज्याचे त्याने सांगावे.

मालकाचा शर्ट

हजरत अबू जर गिफारी यांच्याबद्दल बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हकीकत आहे. रबजा या ठिकाणी ते भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर जसे वस्त्र होते, तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होते. पाहणाऱ्याने आश्चर्याने कारण विचारले. अबू जर यांनी सांगितले की त्यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना खडसावले आणि शिकवण दिली की हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, त्यांना आपल्यासारखेच खाऊ घालावे, आपल्यासारखेच नेसवावे, झेपणार नाही ते काम लावू नये आणि लावलेच तर स्वतः हात लावावा.

चार माणसांच्या धंद्यात हे पाळणे मोठ्या कंपनीपेक्षा सोपे आहे. मालकाने स्वतःसाठी वेगळ्या रंगाचा, इस्त्रीचा शर्ट शिवू नये. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, त्याच चौबगल्याचा शर्ट त्यानेही घालावा आणि झाडाखाली उभे राहावे. शर्टाचे पैसे पगारातून कापू नयेत. प्रत्येकाला किमान तीन शर्ट द्यावेत, एक अंगात, एक धुण्यात आणि एक उसवला तर. आणि कितीही चांगला शर्ट हेल्मेट, दोर, कमरेचा पट्टा आणि करवतीपासून पाय वाचवणारी विजार यांची जागा घेऊ शकत नाही. पैसे कमी असतील तर आधी ते घ्यावे, नक्षीदार भरतकाम पुढच्या वर्षी.

दर्जीकडे जाताना मालकाने एकट्याने जाऊ नये, सगळ्यांना सोबत न्यावे. चढणाऱ्याला दुकानातच दोन्ही हात डोक्यावर नेऊन उभे करावे आणि त्याच अवस्थेत पाठीचे, काखेचे माप घ्यायला सांगावे. दर्जीला हे वेगळे वाटेल, पण एकदा कारण कळले की तो स्वतःच आणखी दोन गोष्टी सुचवेल.